सासूबाईंचा खोकला, मागचा बंब आणि नणंदेचा प्युरिफायर

पत्र असं आहे:

"आम्ही यावल-चोपडा पट्ट्यात एका छोट्या गावात राहतो, १०-१२ हजार वस्ती असेल. सासूबाई ६७ च्या आहेत. शुगर आहे म्हणून डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं तर त्या थंडीत पण पहाटे साडेपाचला निघतात. तीन वर्षं झाली, दिवाळी झाली की खोकला धरतो तो होळीपर्यंत सुटत नाही, रात्री उठून बसतात. मोबाईलवर सकाळी एक्यूआय (हवा किती खराब त्याचा आकडा) १६५-१७० दाखवतं. नणंद पुण्याला असते, ती म्हणते आईला माझ्याकडे पाठव नाहीतर निदान १५ हजाराचा एअर प्युरिफायर तरी घे, इथे ९० च्या आसपास असतं तुमच्याकडे बघ किती खराब. आणि आमचे हे म्हणतात गावाची हवा आहे, काही नाही व्हत त्याले. पैसे घालायला ना नाही पण उपयोग होईल का? घर गावाच्या टोकाला आहे, मागे आमचंच पाच एकर, कपाशी असते. मुलगा ९ वर्षांचा, त्याला पण थंडीत सर्दी असतेच. नाव छापू नका. – एक सून"

ताई,

पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा नजर एकाच जागी अडली, पहाटे साडेपाच. प्युरिफायर, पुणं, एक्यूआय सगळं बोलू, पण भर डिसेंबर-जानेवारीत सासूबाई साडेपाचला फिरायला निघतात हे वाचून असं वाटलं की फोन करून सांगावं, माय, थोडं ऊन तर पडू दे.

का ते सांगतो. तुमचा पट्टा केळीचा, म्हणजे चरका, थंडीने केळीला बसतो तो फटका, काय असतो हे मी तुम्हाला सांगायला नको. थंडी दहाच्या खाली उतरली की केळीवाले पहाटे बागेच्या कडेला पालापाचोळा पेटवतात आणि ओलसर ठेवून मुद्दाम धूर करतात, आणि तो धूर वर न जाता झाडांच्या मधे गोधडीसारखा पसरून बसतो, त्यानं बागेला जरा ऊब राहते. आता मला सांगा तो धूर वर का जात नाही? उन्हाळ्यात तर दुपारी काही पेटवलं की धूर बघता बघता आभाळात. थंडीत रात्री आभाळ मोकळं असतं, जमीन झपाट्याने थंड पडते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होते आणि तिच्या वरच्या हवेचा थर तिच्यापेक्षा गरम राहतो, म्हणजे पातेल्यावर झाकण ठेवल्यासारखं होतं. वारा नसतोच. त्यात आपलं खान्देश बघा ना, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याची रांग, मधे तापीचं खोरं, डोंगरावरची थंड हवा रात्री घसरत येते आणि खाली साचते. केळीवाल्याला हे झाकण पाहिजेच असतं, त्याच्या जिवावर तर त्याचा धूर टिकतो. पण झाकण फक्त बागेवर नसतं ना, गावावर पण असतं, आणि त्याच्या खाली पहाटे पाच ते आठ काय काय चाललेलं असतं? घरोघर बंब, चुली, चौकात शेकोटी, शेकोटीत टायर, दुधाच्या गाड्या, कच्च्या रस्त्याने वाळूचे डंपर. हे सगळं तिथल्या तिथेच राहतं आणि सासूबाई त्याच्यातून दम लागेपर्यंत भरभर चालतात, म्हणजे बसल्या जागी घेतली असती त्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत ओढतात.

सकाळची हवा शुद्ध असते हे आपण लहानपणापासून ऐकलंय. पावसाळ्यात खरं पण आहे. दाजी म्हणतात गावाची हवा चांगली, ते जून ते सप्टेंबर शंभर टक्के बरोबर आहेत, पाऊस धूळ-धूर दोन्ही खाली बसवतो आणि तेव्हा सातपुडा असा दिसतो की हात लावावा. पण दिवाळीनंतर तोच सातपुडा सकाळी दिसतो का बघायला सांगा त्यांना. नाही दिसत. दहा-साडेदहाला ऊन चढलं, जमीन तापली, खालची हवा वर उठायला लागली की मग हळूहळू उघडतो.

म्हणून पहिलं काम फुकटातलं. सासूबाईंचं फिरणं सकाळी दहाच्या नंतर नाहीतर दुपारी चार ते साडेपाच. संध्याकाळी सहाच्या पुढे पुन्हा नको, चुली पेटतात आणि झाकण परत बसायला लागतं. शुगरसाठी चालणं पाहिजे, साडेपाचच पाहिजेत असं कोणत्याच डॉक्टरने लिहून दिलेलं नसतं. त्या म्हणतील पहाटेची सवय आहे, मैत्रिणी आहेत, देवळात जायचं असतं. मग देवळात जाऊ द्या पण हळू चालत, आणि मैत्रिणींचाच टाइम बदलायला लावा, त्या चौघी पण खोकत असतील बहुतेक. मार्च लागला की उलटं करायचं, उन्हाळ्यात आपल्याकडे ४५ च्या पुढे पारा जातो तेव्हा दहाला कोण बाहेर पडणार, तेव्हा पहाटच बरी. वारा सुटलेला असतो, बंब बंद झालेले असतात. धूळ असते म्हणा, हरभरा-मका काढायचे थ्रेशर चालू असतात, पण धूर कमी.

आता दुसरं, आणि हे प्युरिफायरच्या कितीतरी आधी करायचं. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यायची, टीबीसाठी. फुकट होते. तीन वर्षं दर थंडीत येतो आणि जातो म्हणजे टीबी असेल असं मला वाटत नाही, पण मला वाटून काय उपयोग, आणि शुगर असलेल्या माणसाला टीबीचा धोका जास्त असतो. ते निगेटिव्ह आलं की जळगावला नाहीतर भुसावळला छातीच्या डॉक्टरकडे स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत जोरात फुंकायची टेस्ट, फार वेळाचं काम नाही. त्याच्यात कळतं दमा आहे का सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात तो आजार) आहे का दोन्ही नाही. बीपीची गोळी चालू असेल तर तिचं पण पाकीट घेऊन जा, नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, पण आपल्या मनाने बंद करू नका.

या टेस्टवर मी एवढा अडून बसतो त्याला कारण आहे. माझ्या आईला आम्ही सगळे दमेकरी म्हणायचो. तिने आयुष्यात विडी ओढली नाही, तंबाखूची मिशेरी सुद्धा नाही, पण चाळीस वर्षं बिनधुराड्याच्या घरात चुलीसमोर बसली, फुंकणीने फुंकत. कफ सिरपच्या रिकाम्या बाटल्या खिडकीत ओळीने लावलेल्या असायच्या, त्यात ती नंतर गोडंतेल भरून ठेवायची. ही फुंकायची टेस्ट तिची झाली ती शेवटच्या वर्षी, तोवर एकाही डॉक्टरने सांगितली नव्हती आणि आम्हाला माहिती नव्हती. निघालं सीओपीडी. बिडी न ओढणाऱ्या बायांना चुलीच्या धुराने होतो तोच. पंप दिला तर शेजारच्या म्हणाल्या पंपाची सवय लागते, आणि तिने महिनाभर कपाटात ठेवला. सवय बिवय काही लागत नाही हो, पंपातलं औषध थेट छातीत जातं म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी लागतं. सासूबाईंना दिला तर स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, लावून घ्यायला शिकवा, नाहीतर अर्धं औषध जिभेवरच बसतं.

आणि बोलता बोलता वाक्य पूर्ण होईना, ओठ-नखं निळसर दिसली, पायावर सूज आली तर सल्ला बिल्ला वाचत बसायचं नाही, गाडी काढायची.

आता तुमच्या घराकडे येतो. तुम्ही पत्रात बंबाचं काही लिहिलं नाही पण गावाच्या टोकाचं घर, मागे शेत, म्हणजे बंब असणारच, आणि तो न्हाणीच्या बाहेर मागच्या भिंतीला असणार, आणि मी पैज लावतो की सासूबाईंच्या खोलीची खिडकी त्याच भिंतीला आहे. उद्या सकाळी एक करा. बंब पेटवला की पाच मिनिटांनी त्यांच्या खोलीत जाऊन नुसतं उभं राहा, दिवा लावू नका, खिडकीतून जो उजेड येतो त्याच्यात बघा. काय तरंगतंय ते दिसेल. आणि मग बंबाजवळच्या डब्यात काय काय आहे ते बघा. आमच्याकडे एका डब्यात सायकलच्या ट्यूबचे कापलेले तुकडे असायचे, पेटवायला, एक तुकडा घातला की भुर्रकन पेटतं. दुसऱ्या डब्यात दुधाच्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या. काळा धूर निघायचा आणि आम्हाला वाटायचं वा, काय पेटलंय. हा प्लास्टिक-रबराचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा वाईट, त्याच्यात विषारी वायू असतात, आणि तो तुमच्याच खिडकीतून तुमच्याच माणसाच्या छातीत जातो. गावभर किती एक्यूआय आहे ते मोबाईलला विचारायचं आणि स्वतःच्या भिंतीमागचा बंब कोणी विचारतच नाही.

तर बंब तिथून उचलून खिडकी नसलेल्या बाजूला न्या. नेता येत नसेल तर बंब चालू असेपर्यंत ती खिडकी बंद. पेटवायला ट्यूब-पिशव्या बंद, सुकी नारळाची करवंटी घाला नाहीतर कागद. लाकूड वाळलेलं पाहिजे, बाभळीचं पत्र्याखाली रचून ठेवलेलं, ओलं लाकूड नुसतं धुमसतं. आणि खरं सांगू का, १५ हजार खर्च करायची तयारी आहे ना तुमची, मग त्यात थोडे टाकून सोलर वॉटर हीटर बसवा. आपल्याकडे उन्हाची काय कमी आहे, थंडीत पण लख्ख ऊन असतं. बंबच गेला की सकाळचा अर्धा धूर गेला. फक्त गॅस गीझर घेणार असाल तर तो बाथरूमच्या आत लावू नका, बंद बाथरूममध्ये त्याच्या वायूने माणसं गेलेली आहेत, वास पण येत नाही त्याला.

घरातली आणखी एक गोष्ट, मच्छर अगरबत्ती, म्हणजे कॉइल. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगरेटींइतका बारीक धूर निघतो असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं होतं, आणि आपण ती खाटेखाली लावून दार-खिडकी बंद करून झोपतो. सासूबाई रात्री उठून बसतात म्हणता ना. मच्छरदाणी लावा. तसंच अंगण झाडायच्या आधी सडा टाकायची जुनी पद्धत आहे ती सोडू नका, कोरडं झाडलं की धूळ उडते ती झाडणाऱ्याच्याच नाकात जाते.

आता तो नंबर. तुमच्या मोबाईलवर १७० आहे आणि नणंदेच्या मोबाईलवर ९०, आणि याच्यावरून घरात भांडण. पहिली गोष्ट म्हणजे १०-१२ हजार वस्तीच्या गावात हवा मोजायचं मशीन कोण बसवणार, मोबाईल तो आकडा उपग्रहावरून, वाऱ्यावरून, लांबच्या कुठल्यातरी शहरातल्या मशीनवरून हिशोब करून काढतो, आसपासच्या कित्येक किलोमीटरचा मिळून एक. तुमची गल्ली त्याला माहिती नाही. दुसरी गोष्ट जास्त गमतीची आहे. बरेच अॅप अमेरिकन मापाने आकडा दाखवतात आणि आपलं सरकारी 'समीर' अॅप भारतीय मापाने. हवेत पीएम २.५ म्हणजे एकदम बारीक कण, केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्शाएवढे, ते एक घनमीटरमधे ६० मायक्रोग्रॅम असतील तर आपल्या मापात एक्यूआय येतो १००, म्हणजे 'समाधानकारक', आणि तीच हवा, तेच कण, अमेरिकन मापात १५० च्या वर, लाल रंग. तुम्ही अमेरिकन बघत असाल आणि नणंद भारतीय, तर दोघींच्या आकड्यांची थेट तुलनाच होत नाही! आधी दोघींनी एकच अॅप लावा आणि मग भांडा. आणि पुण्याच्या हवेचं म्हणाल तर केंद्राने २०१९ मधे शुद्ध हवा कार्यक्रम सुरू केला त्याच्या यादीत जळगाव आहे तसं पुणं पण आहे. तिथे ट्रॅफिकचा धूर, इथे बंबाचा. सासूबाईंना लेकीकडे जावंसं वाटत असेल तर खुशाल जाऊ द्या, पण हवेसाठी म्हणून ६७ वर्षांच्या बाईला चार महिने फ्लॅटमधे नेऊन बसवायचं, जिथे त्यांचं ना अंगण ना मैत्रिणी, हे मला पटत नाही.

प्युरिफायर खोटा नसतो. बंद खोलीत, खोलीच्या मापाचा घेतला आणि फिल्टर वेळेवर बदलला तर काम करतो. पण आपली घरं कशी आहेत, पुढचं दार सकाळी उघडतं ते रात्री लागतं, मागचं दार त्याच्यापेक्षा जास्त उघडं, वरून लाईट कधी जाईल भरवसा नाही. अशा घरात प्युरिफायर म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की रात्री झोपायची खोली स्वच्छ हवेची पाहिजे, तर त्या एका खोलीपुरता घ्या, दार लावून. तो पण बंब-कॉइलचं झाल्यावर. मास्कचं तसंच आहे, रुमाल-स्टोल बांधला तर धूळ अडते, धूर नाही. धुरासाठी एन ९५ लागतो आणि तो नाकावर घट्ट बसलेला लागतो, सासूबाई किती वेळ ठेवतील बघा बुवा, त्यांना त्यात अस्वस्थ होत असेल तर जबरदस्ती नको.

दाजींशी बोलायचा विषय वेगळा आहे, पाच एकर कपाशीच्या पऱ्हाट्या, म्हणजे वेचणीनंतरच्या वाळक्या काड्या. ते जाळत असतील तर मी त्यांना दोष देणार नाही, गुलाबी बोंडअळीमुळे कृषी खातंच सांगतं की फरदड (वेचून झालेली कपाशी पुढच्या बोंडांसाठी तशीच उभी ठेवणं) ठेवू नका, शेत मोकळं करा, आणि बांधावर ढीग ठेवला तर अळी त्यातच राहते. मजूर मिळत नाही, गव्हाची नाहीतर मक्याची घाई असते, मग काडी लावणं सगळ्यात स्वस्त. पण ट्रॅक्टरवर चालणारं श्रेडर भाड्याने मिळतं का बघा, कुट्टी होऊन रानातच पडते आणि जमिनीला खत होतं, किंवा पांढरा कोळसा, म्हणजे काडीकचरा दाबून केलेलं जळण, करणारे कारखाने पऱ्हाट्या उचलून नेतात, जवळपास कोणी नेतं का चौकशी करा. आणि यातलं काहीच जमलं नाही तर निदान वेळ बदला. लोक संध्याकाळी काम आटपून जाता जाता पेटवतात आणि रात्रभर ते धुमसत राहतं, बरोबर झाकणाखाली. दुपारी बारा ते तीनमधे, वाळलेलं, थोडं थोडं पेटवलं तर धूर वर निघून जातो. तीच काडी, तेच शेत, पण सासूबाईंची रात्र वेगळी जाते. दाजींना केळीच्या धुराचं उदाहरण द्या, शेतकरी माणसाला ते माझ्यापेक्षा चांगलं कळेल.

गावाच्या कचऱ्याचा ढीग कोणी पेटवत असेल तर ते मात्र सरळ बेकायदा आहे, राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मधेच साधा कचरा जाळला तर ५ हजार आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर २५ हजार दंड ठरवलाय. ग्रामपंचायतीत एकट्या सुनेने जाऊन भांडण्यापेक्षा बचत गटातल्या चार-पाच जणी मिळून अर्ज द्या, पोच घ्या.

मुलाचं थोडक्यात. त्याची खोली कुठली, तो कॉइलजवळ झोपतो का हे बघा, खेळायला चार ते साडेपाच पाठवा. त्याची सर्दी दिवाळीच्या आधीच, सप्टेंबर-ऑक्टोबरमधे सुरू होत असेल आणि डोळे पण खाजत असतील तर शाळेच्या रस्त्याला गाजरगवत फुललंय का बघा, पाऊस संपता संपता ते पांढरं होतं आणि त्याची अॅलर्जी खूप जणांना असते. छातीत घरघर वाजत असेल तर त्याला पण डॉक्टरकडे.

नणंदेला फोन तुम्हीच करा, सासूबाईंच्या समोर, स्पीकरवर. टेस्टची तारीख सांगा. प्युरिफायरचे पैसे ती देत असेल तर म्हणा सोलरला लाव, तुझ्याच आईच्या खिडकीचा प्रश्न आहे. लांब राहणाऱ्या लेकीला काहीतरी केल्यासारखं पाहिजे असतं, तिला पण त्यातून तेच पाहिजे असणार.

आणि शेवटी तुम्ही न विचारलेलं, पण दाजी नक्की विचारतील म्हणून सांगून ठेवतो. भरीत बंद करायचं नाही. वांगी काड्यांवरच भाजायची, गॅसवर भाजलेल्या वांग्याला भरीत म्हणायचं म्हणजे आपल्या बामणोदच्या वांग्याचा अपमान आहे. फक्त पार्टी रात्रीची न करता दुपारची करा, शेतात, आणि सासूबाईंना वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवा. मिरच्या ठेचायचं काम त्यांना, भाजायचं दाजींना.